नानांची तिसरी हाक

नगरच्या जिल्हा कोर्टात पक्षकारांची नावं पुकारायचं काम नानांकडे होतं. आवाज असा खणखणीत, की फाटकाबाहेरचा चहावाला दचकायचा. पण नादारीच्या अर्जांचा दिवस असला की नाना आधी व्हरांड्यात हिंडून एकेका अर्जदाराला दाराशी आणून बसवायचे. देणं फेडायला आपल्याकडे काही उरलं नाही, हे चारचौघांत सांगायला आलेली माणसं ती. नाव ऐकलं की खांबाआड व्हायची. नाना दटावायचे, “लाज घरी ठिवून यायची! तीन हाका झाल्या न् ‘हाय’ म्हनला न्हाईस, तर अर्ज गेला समज.”

एकाहत्तर साली मी नवा वकील होतो आणि वकिलापेक्षा उतावळा जास्त. त्या दिवशी माझ्या प्रकरणाच्या आधी एकच नादारीचा अर्ज होता. नानांनी दारातून पुकारलं, “एकनाथ सखाराम दळवी!” कोणी उठेना. त्यांनी दुसऱ्यांदा पुकारलं, मग तिसऱ्यांदा. नुकतेच बदलून आलेले न्यायाधीश मान वर न करता म्हणाले, “अर्जदार गैरहजर. अर्ज काढून टाकला.” मी मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला! नानांनी लगेच माझ्या पक्षकाराचं नाव पुकारलं.

दुपारी नाना जिन्याखाली बसलेले दिसले. भाकरी तशीच बांधलेली. मी थट्टेनं विचारलं, “काय नाना, आज तुमचा एक गडी निसटला! कोण हो तो दळवी?”

“मीच,” नाना म्हणाले.

त्यांना नानाखेरीज दुसरं नाव असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नव्हतं. मेव्हण्याच्या कर्जाला ते जामीन राहिले होते आणि मेव्हणा परागंदा झाला होता. अर्ज होता तोवर अटक थांबलेली. आता सावकाराला नानांना दिवाणी तुरुंगात घालता येत होतं, आणि मग नोकरीही गेलीच.

“अहो, मग बोलला का नाहीत? तिथंच तर उभे होतात!” मी जवळजवळ ओरडलोच.

“तोंड उघडलंच न्हाई, साहेब. तिन्ही येळला वाटलं, आता म्हनतो.”

अर्ज पुन्हा दाखल करून घ्यावा, असा मसुदा मी तिथंच लिहायला बसलो. गैरहजेरीचं कारण द्यावंच लागतं. ‘अर्जदारास ताप आल्याने’ एवढं लिहून मी वाचून दाखवलं. नानांनी माझा हात धरला.

“खोटं नगं. हजर हुता, लाज वाटली, असं लिवा.”

मी तसंच लिहिलं. न्यायाधीशांनी तो कागद वाचला, दाराकडे पाहिलं आणि पुन्हा वाचला. इतका हादरलेला न्यायाधीश मी पुढे कधी पाहिला नाही. “दळवी?” ते म्हणाले. नानांनी खांद्यावरचा पट्टा उतरवला, दाराशी ठेवला आणि आत येऊन उभे राहिले. ओठ हलले. लघुलेखकाला काहीच ऐकू आलं नाही, तो मान पुढे काढून म्हणाला, “काय म्हणाले?”

“हजर आहेत म्हणाले,” न्यायाधीश म्हणाले. “लिहा. अर्ज पुन्हा दाखल.”