गाडीपुढची वीस पावलं

माझे सासरे फक्त जुन्या मोटारींचे ब्रेक दुरुस्त करतात. इंजिन, रंग, दिवे यांच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही. गाडी पळवणारे ढिगाने मिळतात, थांबवणारा एखादाच, असं ते कुणी न विचारताही सांगतात.

त्यांची एक खोड आहे. काम संपलं की ते मालकाला स्टिअरिंगवर बसवतात आणि स्वतः गॅरेजच्या अंगणात गाडीपुढे वीस पावलांवर हाताची घडी घालून उभे राहतात. मालकाने गाडी थेट त्यांच्या अंगावर घालायची आणि थांबवायची. हीच त्यांची गॅरंटी. एका वकिलाला तर एवढा घाम फुटला की तो गाडी ढकलत घेऊन गेला. लग्नाआधी मी सासऱ्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच, एका धूड मोटारीच्या नाकासमोर. हा माणूस मुलीच्या लग्नापर्यंत टिकतो का, या काळजीने माझं निम्मं प्रेम आटलं होतं. सासूबाईंनी मात्र तीस वर्षं या प्रकाराला नावं ठेवण्यात खंड पडू दिलेला नाही.

गेल्या महिन्यात बाई आल्या. बाई म्हणजे सासऱ्यांना चौथीत शिकवणाऱ्या, आता ब्याऐंशीच्या. त्यांच्या वडिलांची मोटार अजून त्याच चालवतात. तिचे पॉवर ब्रेक गेले होते. इंजिन हवा ओढून पायाला जी मदत करतं ती बंद पडल्यामुळे बाई दोन्ही पायांनी ब्रेकवर जवळजवळ उभ्या राहत होत्या. घाटापलीकडे धाकट्या बहिणीचं ऑपरेशन झालं होतं आणि शनिवारी दवाखान्यातून घरी जाईन तर बाबांच्या गाडीतूनच, असा त्या धाकट्या आजीबाईंनी हट्ट धरला होता.

सासऱ्यांनी ब्रेकचा डबा उघडला, आतला फाटका रबरी पडदा बदलला. अडलं ते हवेच्या पाइपवर. त्याला जाड रबर लागतं आणि ते सोमवारशिवाय मिळणार नव्हतं. त्यांनी साधा पाण्याचा पाइप बसवला. शुक्रवारी संध्याकाळी त्या गाडीतून एकटेच एक चक्कर मारून आले आणि न बोलता जेवले. ते न बोलता जेवतात हे आम्ही प्रथमच पाहत होतो.

शनिवारी सकाळी बाई स्टिअरिंगवर बसल्या. शाळेतही याला मीच उभं करायची, असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली. अंगणात कोणीच नव्हतं. सासरे दारात उभे राहून गुडघा चोळत होते. आज जरा दुखतोय, तुम्ही निघा, उशीर होईल, असं पुटपुटले.

सासूबाई बाहेर आल्या. मला वाटलं, सुटलो एकदाचे म्हणून पेढे वाटतील. त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"घाटात बाईंच्या गाडीपुढे जो येईल," त्या म्हणाल्या, "त्याचाही गुडघा दुखत असला तर?"

सासऱ्यांचा हात गुडघ्यावरच राहिला. मग ते न लंगडता गाडीपाशी गेले आणि खिडकीतून हात घालून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं.

"पाइप चुकीचा आहे, बाई. गरम झाला की मऊ पडून आत चिकटतो, मग ब्रेक दगडासारखा होतो. मला काल संध्याकाळीच कळलं होतं."

साठीचा माणूस चौथीतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा होता. आजवर तो ज्या ज्या मोटारींसमोर उभा राहिला, त्यातल्या एकीसमोरही मला त्याचा इतका अभिमान वाटला नव्हता.

"कळलं होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला आजच जायचं होतं ना."

बाई सावकाश खाली उतरल्या आणि त्यांनी पर्स खांद्याला लावली.

"नुसतं जायचं नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "मला तिच्यापर्यंत पोचायचं होतं."