उलटं झाकण

तार आली तेव्हा मी आमटीत मीठ घालत होते असं लिहिलं तर ते शोभून दिसलं असतं. का, ते पुढे कळेलच. पण खरं सांगायचं तर मी गॅलरीत चादरी वाळत घालत होते आणि शेजारणीशी नळाच्या पाण्यावरून हुज्जत घालत होते. तारेत मोजकेच शब्द होते. माझ्या मोठ्या जाऊबाई, आमच्या घरात सगळे ज्यांना वहिनी म्हणत त्या, चौलच्या घरी पहाटे गेल्या. ह्यांना कचेरीतून बोलावून घेतलं, भाऊच्या धक्क्यावरून मिळेल ती लाँच धरली, रेवसला उतरून एसटीने चौल गाठलं. तोवर सगळं आटोपलं होतं. ओटीवर माणसं बसली होती आणि मागे वाडीत रहाट नेहमीसारखा कुरकुरत होता. थोरल्या दिरांनी रहाट थांबवू दिला नव्हता. "पोफळी तहानलेल्या ठेवल्या तर तिला आवडंल व्हय?" ते म्हणाले. मला तेव्हा रडू आलं.

आता त्याला काही आठवडे झाले. रडून झालं आहे, आणि वहिनींची आठवण आली की बहुतेक वेळा हसूच येतं. त्यांच्याविषयी लिहायला बसले तेही त्यामुळेच.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मी पेणहून लग्न होऊन चौलला आले. घरात तीन भाऊ. थोरले नारळी-पोफळीची वाडी बघत, मधले रेवदंड्याच्या शाळेत मास्तर, आणि धाकटे, म्हणजे आमचे हे, मुंबईत नोकरीला. ते शनिवारी रात्री यायचे नि सोमवारी अंधारात निघायचे. सासू-सासरे दोघेही गेलेले. धाकटी नणंद शालू तेव्हा परकर नेसणारी पोर होती, तिला वहिनींनीच वाढवलेलं. त्याशिवाय मुलंबाळं, एक आत्या, वाडीतले गडी, आणि आज आहे उद्या नाही असा कोणीतरी पाहुणा. माहेरी आम्ही चार माणसं. मी पहिल्या दिवशी चुलीवरचा टोप बघितला आणि मनात म्हटलं, यात मला आंघोळ घालता येईल.

दुसऱ्या दिवशी मी वालाचं बिरडं ढवळत होते. चव बघायला पळीतून तळहातावर थेंब घेतला, तर मधल्या जाऊबाईंनी, यमुनाने, माझं मनगटच धरलं. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय या घरात अन्न चाखायचं नाही. बरं, चाखायचं नाही तर मीठ कळायचं कसं? आणि तिघी बायका एका चुलीशी वावरत असताना कोणी घातलं, कोणी नाही, हे तरी कसं समजायचं? मी सरळ यमुनाला विचारलं, "तुम्ही मीठ घातलंत का?" वहिनी नारळ खवत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "सुमन, आपल्या घरात इचारायचं न्हाय. बगायचं."

काय बघायचं, तर झाकण. जिने मीठ घातलं तिने टोपावरचं झाकण उलटं ठेवायचं, खोलगट बाजू वर. झाकण सरळ असेल तर मीठ पडायचं आहे. बस्स. असल्या खुणा घरभर होत्या. गाईची धार काढून झाली की दावं खुंटीवर. न्हाणीतला हंडा भरला की तांब्या पालथा. आत्याबाईंना औषध दिलं की त्यांच्या उशाशी तुळशीचं पान. मला आधी हा सगळा पोरखेळ वाटला. मग एके दुपारी वहिनींनी मला ओटीवर नेलं आणि मधोमध घातलेली भिंत दाखवली. भिंतीपलीकडे चुलत सासऱ्यांचं बिऱ्हाड होतं. तिकडचे आवाज ऐकू यायचे, पण जाणंयेणं सणापुरतंच. "ही भिंत कशानं झाली ठाव हाय?" त्या म्हणाल्या. "आपली सासू एकदा जावेला म्हणाली, मीठ घातलंस का गं? ती म्हणाली, मी काय इसरभोळी हाय? तितनं जे लागलं ते चुली येगळ्या होईपातूर. मी नवी नवरी होते, कोपऱ्यात बसून बगत होते..." मग म्हणाल्या, "इचारणाऱ्याच्या मनात काय नसतं गं. पण ऐकणाऱ्याला टोचतं."

मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, घरं कशी चालवावीत यावर व्याख्यानं ऐकली. याहून शहाणपणाचं काही अजून माझ्या कानावर आलेलं नाही.

वहिनी देवभोळ्या होत्या का? होत्या, पण देवघरात तासन्‌तास बसणाऱ्या नव्हेत. सकाळी आंघोळ, तुळशीला पाणी, वाडीतून ओंजळभर फुलं, देवापुढे दोन मिनिटं. नाव घ्यायचं ते काम करता करता, दळताना, सुपारी सोलताना. कोणी टोकलंच तर म्हणायच्या, "देवाजवळ बसायला रिकामी माणसं रग्गड हायत. मी कामात असते, त्यो बी कामात असतो." संध्याकाळी मात्र दिवा लावला की घरातल्या झाडून सगळ्यांनी हात जोडायला यायचं, आणि दिव्याला हात जोडल्यावर दिवसाचं भांडण पुढे न्यायचं नाही हा कायदा. मुलं तर दिवा लागायच्या आत घाईघाईने भांडून घ्यायची. आणि कोणाला वाटेल बाई अगदी साध्वी होती, म्हणून हेही सांगते की पत्ते खेळताना त्या बेधडक लबाडी करायच्या. हुकुमाचा एक्का पदराखाली गेलेला मी स्वतः पाहिला आहे. पत्ते सोडले तर खोटं बोलताना त्यांना कोणी ऐकलं नाही.

आता ती जत्रेची गोष्ट. शालू लग्नाची झाली होती. पोर कामाला चपळ, पण रंगाने सावळी, आणि दोन ठिकाणांहून नकार आलेला. दुसऱ्या नकारानंतर तिने आरशात बघणं सोडलं होतं. वेणीसुद्धा ती पाठ फिरवून घालायची. वहिनींना ते बघवत नसे. रात्री अंथरुणावर पडल्या की त्यांचं कूस बदलणं चालायचं, ते मला पलीकडे ऐकू यायचं. अशात नागावचं एक स्थळ आलं. चौलच्या डोंगरावर दत्ताची जत्रा असते, तिला ती मंडळी येणार होती आणि दर्शन करून आमच्याकडे जेवून, मुलगी बघून जाणार होती. मुलगा शालूने आदल्या जत्रेत पाहिला होता आणि तिला तो आवडला होता. हे तिने सांगितलं नाही, पण त्याचं नाव निघालं की ती उठून गोठ्यात जायची, तेव्हा कळायचं ते कळलं.

त्या दिवशी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. जत्रेचे आमचेच पाहुणे होते, त्यात ही मंडळी. वालाचं बिरडं शिजवून टोप खाली उतरवून ठेवला होता. मी मीठ घालायला वळले तर झाकण उलटं. म्हणजे यमुनाने घातलं. मी पुऱ्यांकडे गेले. नैवेद्य झाला, पुरुषांची पंगत ओटीवर बसली, वाढून झालं. मुलाच्या काकांनी पहिला घास घेतला आणि हात तसाच ठेवला. मग मुलाच्या वडिलांनी. थोरल्या दिरांनी घास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. बिरड्यात मिठाचा कण नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारातून मी आणि यमुनाने एकमेकींकडे पाहिलं. शालू माजघरात भिंतीला टेकून उभी होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. मुलाची आई तिथेच पाटावर बसलेली, करडी बाई, सगळं टिपत होती. वहिनींनी मिठाची वाटी उचलली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ज्या परक्या पुरुषांच्या पंगतीसमोर कधी जात नसत, तिथे जाऊन सरळ उभ्या राहिल्या. "वालात मीठ ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या. "माज्याकडनं ऱ्हायलं. वाढते, हाताच्या अंदाजानं कालवून घ्या."

आत मुलाच्या आईने यमुनाला विचारलं, "एवढ्या जणी राबताय, कोणी चाखून न्हाय बगितलं?"

"निवेद दावल्याबिगर आमी चाखीत न्हाय," यमुना कशीबशी म्हणाली.

बायकांची पंगत बसली तेव्हा वहिनी टोपात मीठ घालत होत्या. बाई त्यांना म्हणाल्या, "आता देवाचं झालंय. आता चाखा तरी." आणि पहिल्यांदाच हसल्या. आम्हाला त्या हसण्याचा अर्थ लागेना. ते हसणं बरं की वाईट, हेच आम्ही जेवण होईपर्यंत एकमेकींच्या डोळ्यांत शोधत होतो.

अर्थ लागला तो मंडळी बैलगाडीत बसायला निघाली तेव्हा. बाईंनी वहिनींचा हात धरला. "मी सगळा येळ कान देऊन बसले होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता तिघी एकमेकींवर ढकलतील, मग मोठी धाकटीला बोलंल. कोणी कोणाला एका शब्दानं इचारलं न्हाय. माज्या घरात असं झालं असतं तर कौलं उडाली असती. मला या घरातली पोर पायजेल." शालू गोठ्यात होती. तिला सांगायला मी धावले तर पाय शेणात घसरला आणि बातमी मी बसूनच सांगितली.

शालूचं लग्न झालं, संसार झाला. तिच्या सासूने नागावच्या घरातही झाकण उलटं ठेवायची रीत लावून घेतली. पण मीठ राहिलं कोणामुळे, हे कोडं सुटलं नाही. मला वाटायचं यमुनाने चुकून झाकण फिरवलं, यमुनाला वाटायचं मी, आणि वहिनींनी आमच्यासाठी दोष आपल्या अंगावर घेतला याबद्दल दोघींना खात्री होती. त्यांच्या मोठेपणाची ही गोष्ट मी किती जणींना सांगितली असेल! पुढे मुंबईत आम्हाला दोन खोल्यांची जागा मिळाली, मी तिकडे गेले, आणि चाळीतल्या बायकांना तर ती तोंडपाठ झाली.

शेवटची भेट गेल्या मे महिन्यातली. वहिनींचं रक्तदाबाचं दुखणं वाढलं होतं, अलिबागच्या डॉक्टरांनी मीठ अगदी बंद केलं होतं. त्यांच्यासाठी एका लहानशा पितळी टोपात वेगळं शिजायचं आणि त्या टोपाचं झाकण कायम सरळ. दुपारी मागल्या पडवीत आम्ही दोघी बसलो होतो. अळणी भात चिवडत त्या म्हणाल्या, "शालूच्या बगण्याच्या दिवशीची माणसं बिचारी, आता कळतंय त्यांना कसं लागलं असंल."

मी म्हटलं, "वहिनी, आता तरी सांगा. तेव्हा झाकण कोणी फिरवलं होतं? मी की यमुनाने?"

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी वेडीच आहे. "मी गं. वाडीतनं फुलं घेऊन आले, ओंजळ भरलेली. देवाची फुलं भुईवर ठेवू कशी? झाकण उलटं केलं, त्यात ठेवली. मग कोणीतरी हाक मारली... फुलं उचलली नि झाकण तसंच."

"म्हणजे तुम्ही आमचा दोष घेतला नव्हता?"

"मी सांगितलं की तवा. माज्याकडनं ऱ्हायलं. सगळ्यांसमोर सांगितलं. तुमी ऐकलं न्हाय त्याला मी काय करू?" आणि त्या इतक्या हसल्या की भाताचं शीत श्वासात जाऊन ठसका लागला. मीही हसले. इतकी वर्षं मी त्यांना थोर करून ठेवलं, आणि बाईने फक्त खरं तेवढं सांगितलं होतं. त्या दिवशी मला त्या जास्तच आवडल्या.

तेराव्याला घर पुन्हा भरलं. यमुनाने मोठ्या टोपात वालाचं बिरडं शिजवलं, वहिनींना फार आवडायचं. त्यांच्या नावाने पान वाढायचं होतं. फळीवर तो लहान टोप सरळ झाकण घालून ठेवलेला मला दिसला. मी तो खाली काढला, धुतला आणि मीठ घालायच्या आधीच त्यांच्या वाटचं बिरडं मोठ्या टोपातून त्यात काढून घेतलं. किती दिवस अळणी जेवल्या होत्या बिचाऱ्या... मी त्यात त्यांच्या हाताला यायचं तेवढं मीठ घातलं, ढवळलं, आणि झाकण उलटं ठेवलं. यमुनाने पाहिलं आणि पोळ्या लाटत राहिली.

मी केळीचं पान पुसत होते तेव्हा शालू आत आली. डोळे सुजलेले, उजव्या हाताची मूठ मिटलेली. ती थेट त्या लहान टोपापाशी गेली आणि झाकणाकडे बघत क्षणभर उभी राहिली. मग वळून मिठाच्या बरणीपाशी आली आणि मुठीतलं मीठ बरणीत टाकलं. कोणी कोणाला काही विचारलं नाही.