बेपत्ता मास्तर

बेपत्ता माणसांची प्रकरणं मी नोकरीत पुष्कळ हाताळली. त्यातलं पिंप्राळ्याचं प्रकरण मात्र अजून मनातून जात नाही, कारण त्यातला हरवलेला माणूस कोणी कधी पाहिलेलाच नव्हता. तक्रार देणाऱ्यानेसुद्धा नाही.

ऐंशीच्या दशकाची ती अखेर होती आणि मी जळगावात फौजदार होतो. नुकताच नवा गणवेश शिवला होता आणि त्याने मला छळायला घेतलं होतं. कॉलर सारखी मागे जायची आणि दर दहा मिनिटांनी मी ती पुढे ओढायचो. अशाच एका सकाळी हजेरी आटोपत असताना नरडाण्याकडचे एक वयस्कर शिंपी, छातीशी पिशवी धरून, ठाण्यात आले. गावात त्यांना सगळे नाना म्हणत, म्हणून मीही नानाच म्हणतो.

नानांचं म्हणणं असं होतं. पिंप्राळ्यात एक मास्तर राहतात. शर्ट, पॅन्ट, सफारी, जे हवं त्याचे कागदी फर्मे ते टपालाने पाठवतात. पोस्टमनला पैसे देऊन पाकीट सोडवायचं, फर्मा कापडावर ठेवून खडूने आखायचं आणि कापायचं. कुठे अडलं तर पत्र टाकायचं, आठ दिवसांत उत्तर येतं. खेड्यापाड्यातल्या कितीतरी शिंप्यांची दुकानं या माणसाच्या जिवावर चालत होती. नाना त्यांना भेटायला तीनदा पिंप्राळ्याला गेले. दारात एक बाई. एकदा ती म्हणाली, मास्तर गावाला गेलेत. एकदा म्हणाली, आजारी आहेत. तिसऱ्यांदा तिने दारच उघडलं नाही. शेजारीपाजारी विचारलं, तर त्या घरात पुरुषमाणूस राहतच नाही म्हणे. पत्रं मात्र येतच होती.

"साहेब, मना मास्तर जित्ता शे का नही, तेवढंच माले सांगा," नाना म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी नोंद घ्यायला सांगितलं. हवालदाराने वय विचारलं, नानांना माहीत नव्हतं. उंची माहीत नव्हती, वर्ण माहीत नव्हता. अंगावरचे कपडे विचारल्यावर मात्र नाना ठामपणे म्हणाले, "कपडा झकास राहतीन." हवालदाराने तेही लिहून घेतलं.

नानांनी मास्तरांची पत्रं आणली होती, ती मी वाचून काढली. अक्षर नेटकं, भाषा थोडी कडक. एका पत्रात लिहिलं होतं, 'गिऱ्हाईक दारातून आत येतं तेव्हाच त्याचे खांदे बघून घ्यावेत, टेप नंतर काढावी. दोन्ही खांदे सारखे असलेला माणूस क्वचितच भेटतो.' वाचता वाचता मी कॉलर पुढे ओढली.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. हवालदाराला घेऊन गेलो. दोन खोल्यांचं घर, मागे थोडी मोकळी जागा. हवालदार सरळ मागे गेला आणि चेहरा पाडून परत आला. साहेब, मागे ताजा खड्डा बुजवलाय, वर पेरूचं रोप लावलंय, असं तो माझ्या कानात म्हणाला. मीही तेव्हा तरुण होतो. मलाही नको ती शंका आली.

बाई पस्तिशीच्या होत्या, एका पायाने अधू. सोबत त्यांची म्हातारी आई. खोलीत लांबलचक टेबल, कात्र्या, खाकी कागदाचे गठ्ठे. शिलाई मशीन मात्र कुठेच नाही. शिंप्याच्या घरात मशीन नसावं, हे मला खटकलं. मास्तरांचं मशीन विकलं का, मी विचारलं. त्या कागदाचे गठ्ठे सारखे करू लागल्या. मास्तर तुमचे कोण, त्यांना शेवटचं कधी पाहिलं? मी आवाज चढवला आणि सवयीने कॉलर ओढली.

"साहेब, तुमचा डावा खांदा उतरता आहे," त्या हळूच म्हणाल्या. "शिवणाऱ्याने दोन्ही सारखे धरलेत. म्हणून कॉलर मागे जाते."

टेप नाही, माप नाही. मी दारातून आत येतानाच त्यांनी माझे खांदे बघून घेतले होते. मी खिशातून ते पत्र काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी ते पाहिलं आणि त्या खाली बसल्या.

मग सगळं बाहेर आलं. वडील अमळनेरला शिंपी होते. मुलीचा लहानपणीच पाय अधू झाला, मशीन चालवता येईना, म्हणून त्यांनी तिच्या हातात कात्री दिली. वडील गेल्यावर तिने फर्म्यांचा धंदा काढला, तो स्वतःच्या नावाने. पहिली सगळी पाकिटं परत आली. एकावर कोणीतरी लिहिलं होतं, बायकांकडून काय शिकायचं. मग तेच फर्मे, त्याच कागदावर, एका भारदस्त पुरुषाच्या नावाने पाठवले. एकही पाकीट परत आलं नाही. त्या नावाची पेढी आपलीच आहे, तिचं टपाल आणि पैसे आपल्याला द्यावेत, असा रीतसर अर्ज पोस्टात दिलेला होता. दुसऱ्या दिवशी मी तो पाहिला. आधीच पोस्टात गेलो असतो तर पेरूच्या रोपाची शंका तरी वाचली असती.

टोपणनाव घेणं गुन्हा नाही, त्या नावाआडून लुबाडणं हा गुन्हा. इथे कोणी लुबाडलं गेलं नव्हतं. पण बाईंना भीती होती ती नानांची. त्या भागातले सगळे शिंपी नानांचा शब्द मानत. त्यांनी तोंड फिरवलं की धंदा बसला, आणि मग आईला घेऊन भावाच्या घरी मिंधेपणाने राहणं आलं. नानांना एवढंच सांगा की मास्तर सुखरूप आहेत, अशी त्यांनी विनंती केली. मी तयार होतो. उठता उठता सहज म्हणालो की नाना ठाण्यात रडले.

त्यांनी टेबलावरची कात्री बाजूला सारली. मग म्हणाल्या, "बोलवा त्यांना. मीच सांगते."

दोन दिवसांनी नाना बाईंच्या घरी आले, तीच पिशवी छातीशी धरून. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाना, मास्तर मीच. तुमच्याशी खोटं बोलले." नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, त्यांच्या पायाकडे पाहिलं. चेहऱ्यावरून काही कळेना. म्हातारा आता भडकणार, असं समजून मी मध्ये पडायच्या तयारीत होतो. नानांनी पिशवीतून एक अर्धवट शिवलेला कोट काढला आणि टेबलावर पसरला.

"तुमनाच फर्मावर कापेल शे, तरी हाऊ मुंढा ओढस," बाही जोडतात तिथे बोट ठेवून ते म्हणाले. "देखा बरं जरा, मास्तर."

बाईंनी खडू उचलला. रेघ सरळ आली. मला खरंच भरून आलं. गणवेशात होतो, म्हणून बाहेर जाऊन पेरूचं रोप बघत उभा राहिलो.

ठाण्यात येऊन नोंद पूर्ण केली. बेपत्ता व्यक्ती राहत्या घरी मिळून आली, प्रकृती ठीक, कोणाविरुद्ध तक्रार नाही. खोट्या नावामागे चोर शोधायची आम्हाला सवय असते, आणि बहुतेक वेळा तो सापडतोही. पण खरं नाव सांगून दार उघडत नाही, म्हणूनही कोणी दुसरं नाव घेतं, हे मी त्या घरात शिकलो. त्यानंतर खोटं नाव दिसलं की, याने काय लपवलं याच्याआधी, ते का लपवावं लागलं हे मी विचारू लागलो.

माझ्या गणवेशाचा डावा खांदा बाईंनी उसवून, हातशिलाईने सुधारून दिला. पुढे माझी धुळ्याला बदली झाली. तिथे एकदा कपडे शिवायला टाकले, तेव्हा दुकानदाराने फळीवरून खाकी कागदाचा फर्मा काढला. कोपऱ्यात बाईंचं स्वतःचं नाव छापलेलं होतं, आणि त्यापुढे मास्तर. कोणाचे फर्मे, मी मुद्दाम विचारलं. तो माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसा बघत म्हणाला, एवढंही माहीत नाही का साहेब, पिंप्राळ्याच्या मास्तरांचे.