टाकीवरचे गेरूचे ठप्पे

ती घटना आठवली की मला आजही हसू येते, आणि स्वतःची थोडी लाजही वाटते. मी तेव्हा बोथ गावाजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो. महामार्ग लागून असल्याने ट्रकच्या बॅटऱ्या, टायर, ताडपत्र्या चोरीला जाणे आमच्याकडे नित्याचेच. पण एका वाहतूकदाराने लेखी फिर्याद दिली ती डिझेलच्या टाकीची. कापसाच्या जिनिंगच्या आवारात उभ्या असलेल्या त्याच्या जुन्या, लांब नाकाच्या ट्रकची टाकी कोणीतरी सोडवून नेली होती. अशी टाकी आता सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे गृहस्थ फार तापला होता.

चौथ्या दिवशी आमच्या हवालदाराला चहाच्या टपरीवर खबर लागली. जवळच्या गावात एका म्हाताऱ्याकडे तसाच ट्रक होता. त्याची टाकी तळातून सडलेली, म्हणून महिनाभर तो केबिनमध्ये डिझेलची कॅन ठेवून, नळी सोडून गाडी हाकत होता. आता अचानक गाडीला टाकी आली होती, वर ताजा काळा रंग. मला आणखी काय हवे होते? ट्रकसकट म्हाताऱ्याला ठाण्यात आणले. फिर्यादीने बोट दाखवले, "साब, यही है मेरी टंकी."

साठी उलटलेला माणूस, नखांत ग्रीस. बाकावर बस म्हटले तरी उभाच राहिला.

"काका, टाकी कुठून आनली?"

"चोरली नाही, साहेब."

"मंग कोनं देल्ली?"

"थे नाही सांगत."

"काऊन?"

"नाही सांगत, बस."

मी दरडावले, समजावले, चहा पाजला. गुन्हा शाबीत झाला तर या वयात चोर म्हणून नाव लागेल आणि गाडी मुद्देमाल म्हणून आमच्या आवारात गंजेल, हेही सांगितले. वेचणीचे दिवस होते आणि अर्ध्या गावाचा कापूस त्याच गाडीतून जायचा. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले, पण तोंड काही उघडले नाही. गप्प बसणारा माणूस गुन्हेगारच असतो, असा माझा तेव्हा ठाम समज होता. मी रायटरला अटकेचे कागद लिहायला बसवले.

टाकीवर काही खूण किंवा आकडा आहे का, हे पाहून पंचनामा करायचा होता. डिझेल पिंपात काढले, नळी सोडवली, दोन्ही लोखंडी पट्टे ढिले केले. टाकी खाली उतरली तशी तिची चेसिसकडची बाजू दिसली. तिथे नवा रंग पोचलाच नव्हता. जुन्या पत्र्यावर गेरूचे गोल ठप्पे होते, एकावर एक, कित्येक वर्षांचे. कोणीतरी गाडीखाली आडवे होऊन, हात घालून मारलेले.

हवालदार शेतकऱ्याच्या घरातला. तो हसायलाच लागला. "साहेब, हे तं पोळ्याचे ठप्पे! बैलाले मारतो तसे."

फिर्यादीला विचारले, पोळ्याला गाडी सजवता का? तो गोंधळला. "पोला? हम तो दशहरे को नारियल फोड़ते हैं, साब."

म्हणजे टाकी त्याची नव्हती. मग होती कोणाची? हवालदाराने गावात चौकशी केली. घरचे बैल गेल्यावर पोळ्याला ट्रकलाच ठप्पे मारणारे घर एकच निघाले, वाटणीत दोन झालेले. बापाने एकसारखे दोन ट्रक घेतले होते. एक या म्हाताऱ्याकडे, दुसरा त्याच्या धाकट्या भावाकडे.

मी धाकट्याच्या घरी गेलो. अंगणात ट्रक उभा होता आणि टाकीची जागा रिकामी होती. बॉनेटवरच्या प्रत्येक ठप्प्यात एका जागी खाच होती, कारण ठप्पे मारायच्या, बापाच्या वेळच्या वाटीचा काठ तिथे उडाला होता. टाकीवरच्या ठप्प्यांतही तीच खाच होती.

"मीच देल्ली, साहेब. माही गाडी उभीच हाये, त्याची तरी चालंन. त्याच्या वावराच्या धुऱ्यावर ठेवली अन् वापस आलो."

"हातात नाही दिली?"

"कशी देनार? धुऱ्यावरच्या एका बाभळीपाई नऊ वर्सं झाले, आमी बोलत नाही."

जबाबासाठी त्याला ठाण्यात आणले. त्याला दारात पाहून थोरला माझ्यावरच उखडला. "म्हनून सांगत नव्हतो, साहेब! लहान भावाले ठान्याची पायरी दाखवा लागते का?"

मला पोलिसी नोकरीत इतके ओशाळे कधी वाटले नव्हते. मी काकांची माफी मागितली आणि अर्धे लिहिलेले कागद फाडून टाकले. फिर्यादीची टाकी पुढे एका भंगारवाल्याकडे सापडली. ती त्याच्याच ड्रायव्हरने विकली होती.

भाऊ मात्र माझ्या टेबलाच्या दोन टोकांना उभे. धाकटा म्हणे, "साहेब, त्याले म्हना, नळीचं वायसर नवं टाक." "साहेब, त्याले म्हना, टाकलं." मी आपला दोघांच्या मध्ये, पोस्टमन झालेला.

त्या दिवसापासून कोणी चौकशीत गप्प बसला की मी आधी एवढेच शोधायचो की हा कोणाला जपतो आहे. या एका सवयीने पुढे माझ्या हातून निदान काही चुका तरी टळल्या.

आता टाकी परत बसवायची होती. त्याला दोघे लागतात. एकाने खालून उचलून धरायची, दुसऱ्याने पट्टे आवळायचे. हवालदार मदतीला निघाला, तर मी त्याचा हात धरून थांबवला. शेवटी धाकटाच गाडीखाली शिरला आणि दोन्ही हातांनी टाकी वर रेटली. थोरला पाना घेऊन वाकला. पण बोल्टवर पाना काही बसेना.

खालून आवाज आला, "दादा, आवळ ना लवकर, भारी हाये."

"आवळून राह्यलो ना रे," थोरला म्हणाला. "दम धर."