फुलीसाहेबांचं पहिलं चित्र

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे फुलीसाहेब म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण ह्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चौतीस वर्षं ह्यांचं काम एकच. टेबलावर आलेला लोखंडी भाग उचलायचा, मापायचा, आणि केसाएवढा फरक निघाला तरी लाल खडूने त्यावर फुली मारून बाजूला टाकायचा. ह्यांच्या हातून पास झालेला एकही भाग कधी परत आला नाही, हे मी कुठेही सांगेन. फक्त तो खडू संध्याकाळी कारखान्यातच ठेवून यायचा असतो, हे ह्यांना कुणी सांगितलं नाही.

चादरीची घडी तिरकी, दाराचा पडदा एका बाजूने लांब, कपाचा कान भिंतीकडे. मी एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. मला ते जमलं, मुलाला जमलं नाही.

मुलगा बारा वर्षांचा असताना शाळेत सुतारकाम शिकवायचे. त्याने एक लाकडी पेटी केली, झाकणाची, ओंजळीत मावेल एवढी. घरी आणून बाबांच्या पुढ्यात ठेवली. ह्यांनी काय करावं? आतून काटकोन तपासायचा गुण्या आणला आणि पेटीच्या कोपऱ्याला लावला. फटीतून उजेड दिसला. मग खिशातली लाल पेन्सिल काढून पेटीच्या दर्शनी बाजूला, बरोबर त्या कोपऱ्यात, फुली मारली. रागाने नाही हो, सवयीने. पोराने पेटी उचलून मला दिली आणि खेळायला गेला. त्यानंतर त्याने बाबांना काहीही दाखवलं नाही. पेटीत मी बटणं ठेवायला लागले.

पोरगा पुढे सुतारच झाला. दूरच्या शहरात स्वतःचा कारखाना आहे, टेबलं-कपाटं करतो. तीन वर्षांपूर्वी आठवडाभर राहायला म्हणून आला होता. आल्या दिवशी मला स्वयंपाकघरात फळी लावून दिली. दुसऱ्या दिवशी तो दूध घेऊन परत येतो तर हे स्टुलावर चढलेले, हातात लेव्हलची पट्टी. "दोन मिलिमीटर," एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगा गेला. त्याने बॅग रिकामी केलीच नव्हती. दारापाशी ठेवून त्यातूनच कपडे काढत होता, हे मला तो गेल्यावर लक्षात आलं.

निवृत्तीनंतर हे दिवसभर घरात. माझा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा मीच ह्यांचं नाव चित्रकलेच्या वर्गात घातलं. कलेबिलेसाठी नाही. शनिवारी तीन तास घर शांत राहील, एवढाच माझा स्वार्थ. शिकवणाऱ्या बाई पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायच्या. पाट्या छापून यायला लागल्या तशा त्या सायकलच्या दुकानावरच्या खोलीत तैलरंग शिकवायला लागल्या. त्यांच्या वर्गाचा एक नियम होता. शेवटी सगळ्यांची चित्रं भिंतीला टेकवून ठेवायची. प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्रातली एक चांगली गोष्ट सांगायची आणि एक खुपणारी. ज्याचं चित्र असेल त्याने तोवर हाताची घडी, तोंडावर बोट.

आमच्या इमारतीतली नर्स त्याच वर्गात जाते, त्यामुळे मला सगळी बातमी लागायची. पहिल्या शनिवारी ह्यांनी तिच्या चित्रातली बरणी किती कलली आहे आणि झाकण तोंडापेक्षा किती मोठं आहे ते सविस्तर सांगितलं. बाई म्हणाल्या, "आता एक चांगलं." हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरणी आहे."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ना, तशातली गत. मग आली ह्यांची पाळी. बाईंनी घरून स्थिरचित्र करून आणायला सांगितलं: एक गोल वस्तू, एक चकाकणारी, एक चौकोनी. ह्यांनी कांदा घेतला, ॲल्युमिनियमची किटली घेतली, आणि चौकोनी म्हणून बटणांची पेटी रिकामी करायला लागले. मी चमकलेच. अठ्ठावीस वर्षांत ह्यांनी त्या पेटीला हात लावला नव्हता. पण बोलले नाही, कारण त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात येतो म्हणाला. किती दिवस, असं विचारलं तर म्हणाला, "बघू, आई." त्या 'बघू'वर मी महिना काढणार होते.

ह्यांनी तिन्ही वस्तू पट्टीने मापून पाच-पाच सेंटिमीटरवर ठेवल्या, तपासणीच्या टेबलावर ठेवाव्यात तशा. आठवडाभर रंगवलं. घरभर टर्पेंटाइनचा वास. शनिवारी हे चित्र घेऊन गेले ते लग्नाला निघाल्यासारखे.

"मापं सगळी बरोबर आहेत," बाई म्हणाल्या. हे झालं चांगलं. "पण किटलीचं पोट समोरून बघितलंय आणि तोंड वरून. मध्येच स्टुलावर चढला होतात का? आणि ही तिघं एवढी लांब का उभी आहेत? भांडण झालंय का त्यांचं?"

नर्स सांगत होती, ह्यांचे कान लाल झाले, पण नियम म्हणजे नियम. घरी आल्यावर मात्र माझ्यावर कडाडले, "तोंड गोलच आहे! मी मापलंय!" मी म्हटलं, "मग मला कशाला सांगता? किटलीला सांगा." पुढचे दोन दिवस चित्राकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर हे टेबलासमोर खाली बसलेले, एक डोळा मिटून. "अगं, खरंच," म्हणाले, "इथून गोल दिसतच नाही. चपटं दिसतं." जन्मभर गोलच माल तपासलेला माणूस हा.

मग वस्तू जवळ आल्या. कांदा किटलीला टेकला, पेटीची सावली किटलीच्या पोटावर पडली. पुढच्या शनिवारी बाई म्हणाल्या, सावली म्हणजे टेबलाला पडलेलं भोक नव्हे, त्यात नुसता काळा भरू नका, निळा आणि तपकिरी मिसळून बघा. कडा सगळ्याच पात्यासारख्या धारदार आहेत, मागची कड फडक्याने जरा पुसा. ह्यांनी घरी येऊन पुसली. मी भाजी निवडत बसले होते, तर माझ्याकडे वळून म्हणाले, "हे रंग लवकर वाळतच नाहीत गं. चुकलं तर दुसऱ्या दिवशीसुद्धा पुसता येतं." त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी चेष्टा केली नाही. ह्यांच्या टेबलावर चुकलेल्या वस्तूला फुलीपलीकडे दुसरी वाट नव्हती.

पेटी मात्र काही केल्या जमेना. हे काटकोनात काढायचे आणि ती वरून चिकटवल्यासारखी दिसायची. सगळे तेच सांगत होते. एके दिवशी मी बाजारातून आले, तर हे कानस आणि पॉलिशपेपर घेऊन बसलेले, मांडीवर पेटी.

"हे काय चाललंय?"

"दीड मिलिमीटरचं काम आहे. कोपरा सरळ करतो, म्हणजे चित्रात बसेल."

मी पिशवी तिथेच टाकली. "नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. पण अंगण तासायला निघालेला माणूस आज पाहिला! त्या पोराला तासलंत तेवढं पुरे झालं. पेटी तरी राहू द्या आहे तशी!"

एवढं मोठ्याने मी लग्नानंतर कधी बोलले नव्हते. ह्यांनी कानस खाली ठेवली. मला वाटलं आता दोन दिवस अबोला. पण हे पेटी हातात घेऊन बसूनच राहिले. कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या कोपऱ्यात त्याने खिळा दोनदा मारलाय. पहिला वाकला असणार. तो उपटला, भोक भरलं आणि शेजारी दुसरा मारला." मग पेटीकडेच बघून म्हणाले, "बारा वर्षांच्या हाताला हे लाकूड कठीण आहे." मी आत निघून गेले. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

त्या आठवड्यात ह्यांनी पेटी जशी होती तशी रंगवली. उजवा कोपरा किंचित उघडा, झाकण एका बाजूला उचललेलं. शनिवारी वर्गात नर्स म्हणाली, "काका, ही उघडावीशी वाटतेय." बाईंनी खरी पेटी मागून घेतली, चित्राशेजारी धरली आणि विचारलं, "इथे लाल खूण आहे, ती चित्रात का नाही? एरवी केसही सोडत नाही तुम्ही."

ह्यांनी वर्गात पहिल्यांदा नियम मोडला. "ती पेटीची नाही," म्हणाले. "माझी आहे."

"चित्रही तुमचंच आहे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या चित्राकडे गेल्या. घरी येऊन ह्यांनी सगळ्यात बारीक ब्रश घेतला.

मुलगा आला तेव्हा चित्र वाळायला ठेवलं होतं स्वयंपाकघरात, त्यानेच लावलेल्या फळीवर. त्याने बॅग दारापाशी ठेवली, पाणी प्यायला आत आला आणि ग्लास हातात धरून उभाच राहिला. हे मागे येऊन भिंतीला टेकले. हातांची घडी घातली.

"एक चांगलं सांगायचं," हे म्हणाले, "आणि एक खुपणारं. मी मध्ये बोलणार नाही. नियम आहे."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याने फळीवरची बटणांची पेटी खाली घेतली, चित्राजवळ धरली. एकदा ह्या फुलीकडे बघितलं, एकदा त्या. अंगठा त्या कोपऱ्यावरून फिरवला. मी गॅस बंद केला, उगाचच.

"पेटी बरोबर वाकडी आलीय," तो म्हणाला.

ह्यांनी हातांची घडी सोडली नाही.

"आणि खुपणारं?" शेवटी मीच विचारलं.

"किटलीची मूठ. एवढ्या बारीक मुठीने भरलेली किटली उचलली तर तुटेल, बाबा."

ह्यांनी तोंड उघडलं. आता माप येणार, आता 'मी मोजलंय' येणार. ह्यांनी तोंड मिटलं, आत गेले आणि ब्रश, रंगाची थाळी, फडकं घेऊन आले. ब्रश मुलापुढे धरला.

"दाखव. कुठून जाड हवी?"

दोघं चित्र टेबलावर घेऊन त्यावर वाकले. माझा जीव भांड्यात पडला. इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी स्टुलावर बसूनच घेतलं. मूठ तीनदा पुसली, तीनदा काढली. दोघांचीही मतं निराळी आणि दोघंही हट्टी, पण आवाज कुणाचा चढला नाही. चहा निवून गेला, तो मी परत गरम केला.

मग मुलगा हात पुसत माझ्याकडे आला. बोटांना करडा रंग, तो जाता जाईना.

"आई, कपाटात एखादा खण मिळेल का?" म्हणाला. "बॅगेत कपडे चुरगळतात."

मी दोन रिकामे करून दिले.