मुडबीच्या अक्का

"आधी जेवून घ्या, मंग रडा," असं म्हणत अक्का अनोळखी बाईच्या हातात भाकरी ठेवायच्या.

तुम्ही गाणगापूरला आला असाल, तर मन बिघडलेलं घरचं माणूस घेऊन देवळासमोर बसलेली कुटुंबं पाहिली असतील. मी तिथल्या एका लॉजवर खोल्या द्यायचो. मागच्या खोलीत अक्का राहायच्या, तिशीतल्या लेकीला घेऊन. बाळ दगावल्यापासून लेक बोलायची थांबली होती.

अक्का तिची वेणी घालायच्या, कलबुर्गीच्या डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर द्यायच्या आणि मग दुसऱ्यांच्या आजारी माणसांपाशी जाऊन बसायच्या.

"तुमचं दुःख काय थोडं हाय का, अक्का?" मी एकदा विचारलं.

"म्हणूनच तर बसायले, अण्णा. एकटीला आशा धरवत न्हाई. चौघींत बसलं की धरवती."

त्या हिवाळ्यात लेकीला ताप चढला. दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच तिनं प्राण सोडला. अक्कांनी खोलीचं दार लावून घेतलं. देवळात जाणंही सोडलं. मी चहा घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "दत्तानं ऐकलं न्हाई."

मग लातूरकडची एक बाई तरण्या मुलाला घेऊन आली. त्याच्या मनगटाला दोरी, दुसरं टोक तिच्या हातात. कुणीतरी तिला अक्कांचं नाव सांगितलं होतं. दार वाजवून तिनं विचारलं, "तुमची लेक बरी झाली का हो?"

अक्कांनी खोटं बोलावं, असं मला फार वाटलं.

"न्हाई बाई. गेली ती."

बाई उंबऱ्यावरच खाली बसली. "मंग मी कामून आले हितं?"

अक्का तिच्याशेजारी टेकल्या. "बरी व्हईल म्हणून मी बी आलते. ते न्हाई झालं. पन जाताना तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, एकटी न्हवती ती. तुमचं लेकरू बरं व्हईल का, मला ठावं न्हाई. पन मी हाय तुमच्यासंगं. बसा."

त्यांनी मुलाच्या मनगटाची गाठ सोडली. बाई घाबरली. मुलगा मात्र मनगट चोळत अक्कांशेजारी बसून राहिला.

तो बरा झाला नाही. होता तसाच गावी गेला. दोरी तेवढी खोलीत राहिली.

पुढे अक्काही आपल्या गावी, मुडबीला निघाल्या. मी स्टँडवर पोचवायला गेलो. बसमध्ये त्यांनी लेकीच्या कपड्यांची पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली होती. एका बाईनं जागा विचारली. अक्कांनी क्षणभर पिशवीकडे पाहिलं, ती उचलून पोटाशी धरली आणि खिडकीकडे सरकल्या.