कापूर-ओव्याची पुरचुंडी

टेंभी नाक्यावर देवीच्या आरतीला कापूर पेटला की मला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका आठवतात. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेलं, कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो. काकूंनी तर जुन्या ब्लाउजपीसच्या पुरचुंड्या शिवून प्रत्येकाच्या दाराच्या कडीला बांधलेल्या. मी ग्रुपवरच लिहिलं, "काका, हे साफ खोटं आहे. शाळेत विज्ञान शिकवायचात ना तुम्ही?" खाली डॉक्टरांचे दोन व्हिडिओ चिकटवले. भराभर अंगठे आले, हसरे चेहरे आले, मला भारी वाटलं. काका ग्रुपमधून बाहेर पडले. आठवड्याभराने खाली ॲम्ब्युलन्स आली, तेव्हा कळलं की ते चार दिवस तापाने फणफणत होते. जिन्यात काकू म्हणाल्या, "ग्रुपवर बेडचं विचारूया म्हटलं, तर नको म्हणाले. परत हसतील म्हणाले." काका परत आले नाहीत. मी लिहिलेलं तेव्हाही बरोबर होतं, आजही आहे. पण आमच्या दोन दारांत सहाच पावलं होती. बेल वाजवून सांगितलं असतं, तर काका माझ्याशी तासभर भांडले असते, आणि ताप आल्यावर त्यांनी माझंच दार वाजवलं असतं.